कोयतेवालीची किंमत

माळ्यावरचा बिस्किटांचा डबा निलेशला अचानक सापडला, असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. तो डबा तिथं आहे हे त्याला अठरा वर्षं ठाऊक होतं. कौलं काढून पत्रे घातले तेव्हा, लग्नातली मोठी भांडी वर टाकली तेव्हा, दर वेळी माळ्यावर चढायचं काम त्यानं आपण होऊन अंगावर घेतलं होतं आणि डबा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवून तो खाली उतरला होता. यंदा मे महिन्यात मात्र माळाच पाडायचा ठरला. भाजे लेणी आणि लोहगड बघायला शनिवार-रविवारी माणसं येतात, त्यांच्यासाठी दोन खोल्या काढायच्या होत्या. निलेश तळेगावला कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला असताना त्याच्या बायकोनं, अनितानं, वरचं सगळं सामान खाली उतरवलं.

तो घरी आला तेव्हा डबा ओट्यावर होता आणि झाकण उघडं होतं. वर्तमानपत्राच्या गुंडाळीतून काढलेलं पुठ्ठ्याचं एक खोकं अनिताच्या हातात होतं. खोक्यावर काळा मनोरा, त्यामागं लाल चंद्र आणि मनोऱ्याच्या पायरीवर कोयता घेऊन उभी असलेली एक पोरगी.

"ह्ये कुणाचं?" अनितानं विचारलं.

"लहानपणीचं हाय. हातात धरून खेळायचा गेम."

"मग मशीन कुटंय त्याचं?"

"मशीन नव्हतं."

अनिता हसली. "मशीन न्हाई आन नुसता गेम घेतलावता? तुमी पण ना."

निलेश हातपाय धुवायला मागं गेला आणि बराच वेळ नळापाशीच राहिला.

अनितानं खोक्याचे चार फोटो काढून आपल्या भावाला, पवनला, पाठवले. पवन पिंपरीला मोबाइलच्या दुकानात होता. त्यानं ते जुने गेम जमवणाऱ्या हौशी लोकांच्या ग्रुपवर टाकले आणि खाली निलेशचा नंबर दिला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत अकरा अनोळखी माणसांचे मेसेज आले होते. पुण्याच्या प्रदीप नावाच्या माणसानं तर सरळ फोनच केला.

"खोकं, पुस्तिका, आतला नकाशा, सगळं आहे का तुमच्याकडे?" त्याच्या आवाजात घाई होती आणि ती लपवायची धडपडही.

"सगळं हाय," निलेश म्हणाला.

मग प्रदीपनं त्याला समजावून सांगितलं. 'ब्लॅक बेल्फ्री', म्हणजे काळा घंटेचा मनोरा, हा गेम बाजारात आला त्याच वर्षी तो काढणारी कंपनी बंद पडली. जेमतेम काही हजार खोकी बाजारात आली. पोरांनी गेम खेळून खेळून झिजवले, खोकी फाडली, नकाशे हरवले. नुसती यंत्रात सरकवायची आतली पट्टी असेल तर आठ-नऊ हजार मिळतात. पण खोक्यासकट, कोपरे न दबलेला, नकाशा न उलगडलेला नग त्यानं आजवर फक्त फोटोत पाहिला होता.

"नीट असेल तर मी पंच्याऐंशी हजार देईन. आणि एक सांगू? लोकांना जपता येत नाही हो. तुमचा नग बघून वाटतं, याला कुणी हातच लावला नाही."

निलेश हं म्हणाला. समोरच्या ताटातलं वरण गार झालं होतं. त्यानं ते तसंच ठेवलं.

कारण अठरा वर्षं त्या गेमला खरोखरच कुणी हात लावला नव्हता. चोरून आणल्यापासून निलेशनं तो एकदाही खेळला नव्हता. खेळणार कशावर?

तो आणि प्रितम तेव्हा सातवीत होते. प्रितमची आई शालन मळवलीच्या रस्त्यावरच्या एका बंगल्यावर धुणीभांडी, केरवारा करायची. बंगला मुंबईच्या कारखानीस आजोबांचा. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांचा नातू ईशान यायचा. त्याच्या वयाचं तिथं कुणी नसल्यानं आईबरोबर येणाऱ्या प्रितमला तो धरून बसवायचा, आणि प्रितम एकटा जायला बुजायचा म्हणून निलेशला बरोबर न्यायचा.

ईशानकडं हातात मावेल असं एक यंत्र होतं आणि त्यात हा गेम. काळंकुट्ट देऊळ असावं तसा एक मनोरा, मेणबत्त्या लावलेले जिने, रंगीत काचांच्या उंच खिडक्या, शवपेट्यांतून उठणारी माणसं आणि वरच्या मजल्यावर आपोआप वाजणाऱ्या घंटा. गेमचं नाव पोरांच्या जिभेवर बसत नव्हतं. प्रितमनं त्या पोरीला 'कोयतेवाली' म्हणायला सुरुवात केली आणि मग ईशानही तसंच म्हणू लागला.

गावात बॅट निलेशची असायची. खेळायला कुणाला घ्यायचं आणि कुणाला उन्हात उभं करायचं, हे तो ठरवायचा, आणि वस्तीतला प्रितम बहुतेक वेळा उभाच असायचा. बंगल्यावर मात्र उलट झालं. निलेशची कोयतेवाली पहिल्याच जिन्यावर मरायची. ईशान हसायचा आणि यंत्र प्रितमच्या हातात द्यायचा. प्रितमची बोटं अशी चालायची की ईशान पाय वर घेऊन त्याला चिकटून बसायचा. "याला जमतं रे," तो निलेशला सांगायचा. "तू बघ नुसता."

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी ईशाननं यंत्रात गाड्यांच्या शर्यतीचा गेम घातला होता. कोयतेवालीचा गेम त्याच्या खोक्यात घालून खिडकीत टाकलेला होता. प्रितम आणि ईशान पडद्यावर वाकले होते, शालन मागं कपडे वाळत घालत होती. निलेशनं खोकं सदऱ्याखाली घातलं आणि "घरी बोलवलंय" म्हणून निघाला. वाटेत त्याला भीती वाटली नव्हती. आता प्रितमला खेळता येणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

पुढचं त्यानं घरी जेवताना ऐकलं. त्याचे वडील निवृत्ती तेव्हा ग्रामपंचायतीत सदस्य होते आणि कारखानिसांनी त्यांनाच फोन केला होता. गेम शोधूनही सापडेना तेव्हा शालन म्हणाली की केर काढताना माझ्याकडून चुकून कचऱ्यात गेला असेल. कारखानिसांनी तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. "कचऱ्यात कसला जातोय," निवृत्ती म्हणाले आणि भाकरी मोडली. निलेश पाणी प्यायला. तेव्हा बोलला असता तर फार तर चार चापट्या बसल्या असत्या. दुसऱ्या दिवशी बोलणं आदल्या दिवसापेक्षा अवघड झालं, आणि असं करत करत अठरा वर्षं गेली.

रविवारी सकाळी प्रदीप आला. पस्तिशीचा, चष्मा लावलेला, बोलायला मऊ माणूस. अनितानं त्याच्यासाठी अंगणात खुर्ची मांडली आणि चहा ठेवला. त्यानं आधी हात पुसले, मग भिंगातून खोक्याचे कोपरे पाहिले. पुस्तिकेची पानं बोटाच्या टोकानं उलटली. नकाशा उलगडलाच नाही, नुसता उजेडात धरला.

"चालतो का ते बघतो फक्त," असं म्हणत त्यानं पिशवीतून आपलं यंत्र काढलं आणि गेम आत सरकवला.

पडदा उजळला. घंटा वाजली. तो आवाज निलेशनं अठरा वर्षांत ऐकला नव्हता, तरी त्यानं तो लगेच ओळखला. प्रदीपच्या तोंडावर मात्र लहान पोरासारखं हसू आलं.

"जुने खेळ अजून आत आहेत बघा. दोन नावं आहेत. एक ईशान. तो तिसऱ्या मजल्यावर आहे. आणि हा दुसरा थेट वरच्या घंटेपाशी पोचलाय. पक्का खेळाडू दिसतो." त्यानं मान वर केली. "प्रितम कोण? तुमचं नाव निलेश ना?"

अनिताही बघायला लागली. भाजे गाव एवढंसं. प्रितम कोण हे तिला विचारायची गरज नव्हती.

"मित्र हाय," निलेश म्हणाला.

"अच्छा. मग असं करू, तुम्ही मला दोन ओळी लिहून द्या. हा गेम माझा आहे, अमुक साली घेतला, एवढंच. हल्ली नकली आणि चोरीचे नग फार फिरतात, म्हणून आम्ही लिहून घेतो."

त्यानं कागद आणि पेन पुढं केलं. निलेशनं पेन हातात धरलं. 'हा गेम' असे दोन शब्द लिहिले. तिसरा शब्द 'माझा' होता. पेन कागदाला टेकलेलं तसंच राहिलं आणि तिथं शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"मला आठ दिवस द्या," तो म्हणाला.

"किंमत कमी वाटते का? नव्वद करू."

"त्ये न्हाई. आठ दिवस द्या फक्त."

प्रदीप गेल्यावर अनितानं कपबशा उचलल्या. "त्यो प्रितमचा हाय का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मग?"

निलेशनं तिला सांगितलं. अंगणातच, उभ्या उभ्या सांगितलं. अनितानं कपबशा खाली ठेवल्या. शेवटी एवढंच म्हणाली, "आन शालनमावशी लग्नात माझ्या हळदीला राबत हुत्या. तवा बी तुमाला ठाव हुतं."

दुपारी तो लेण्यांच्या पायऱ्यांकडं गेला. पायथ्याशी बांबूवर ताडपत्री टाकलेलं शालनचं छोटं दुकान होतं: लिंबू सरबत, काकड्या, उकडलेल्या शेंगा. बंगल्याचं काम गेल्यावर तिला आसपासच्या कुठल्याच बंगल्यानं ठेवलं नाही. माळी माळ्याला सांगतो, राखणदार राखणदाराला. चार-पाच वर्षं तिनं लावणी-खुरपणी केली आणि मग इथं येऊन बसली. आता साठीला आली होती.

"आरं निलेश, बस की," ती म्हणाली. "उनाचा कुटं निगालास?"

तो पाटावर बसला. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं प्रितमची चौकशी केली. प्रितम रेल्वेत सिग्नलच्या खात्यात होता आणि लोणावळ्याला क्वार्टरमध्ये राहायचा.

"बरा असंल," शालन म्हणाली. "पैसं धाडतो म्हैन्याला. येत न्हाई. आला तर तासभर बसतो, निगतो. लोणावळा काय लांब हाय का?" तिनं लिंबू चिरलं. "कारखानिसांचा बंगला पाडायला काडलाय म्हनं. हाटेल हुनार."

"व्हय, ऐकलं."

"त्या बंगल्यानं माझं पोरगं तोडलं बघ. तुला म्हणून सांगते, तू तवा त्याच्या संगं असायचास. त्यो गेम प्रितमनं घेतलावता. लेकराचा जीव जडलावता त्याच्यावर. मी घरी लय मारला त्याला, फोकानं मारला, पर त्यानं काय काडून दिला न्हाई. चोर म्हणून शिक्का बसला आस्ता पोरावर. मंग मी माझ्या अंगावर घेतलं. म्हनलं, कचऱ्यात गेला माझ्या हातानं." तिनं पेला त्याच्या हातात दिला. "तवापासनं त्यो मला आई म्हणून हाक मारतो, पर बोलत न्हाई."

निलेशनं पेला धरला. त्याला वाटलं होतं की त्याच्यामुळं एका बाईचं काम गेलं. तेवढ्याचीच तो इतकी वर्षं मनात मांडवली करत आला होता: दुसरं काम तिला मिळालंच असतं, नाही मिळालं तरी तिचं चाललंय, पोरगा नोकरीला लागला. आता ती समोर बसून सांगत होती ते त्या मांडवलीत कुठंच बसत नव्हतं. तरीसुद्धा तो बोलला नाही. सरबत संपवलं, "येतो मावशी" म्हणाला आणि उठला. रस्त्यापर्यंत येईतो त्याला स्वतःची किळस आली.

घरी जाऊन त्यानं डबा घेतला आणि लोणावळ्याची वाट धरली. प्रितमची सुट्टी होती. क्वार्टरच्या पायरीवर तो बूट पॉलिश करत बसला होता. निलेशला बघून त्याला आश्चर्य वाटलं. गावात भेटले की बोलायचे, पण एकमेकांच्या घरी जाणं केव्हाच संपलं होतं.

"काय रे, आई बरी हाय ना?" प्रितमनं पहिलं तेच विचारलं.

"बरी हाय. आत्ता तिच्याकडनंच आलो." निलेश त्याच्या शेजारी बसला. "प्रितम, बंगल्यावरचा त्यो गेम. त्याचं काय झालं आसंल असं तुला वाटतं?"

प्रितमचा ब्रश थांबला. "आज कुटून काडलंस?"

"सांग तर."

"आईनं विकला," प्रितम सपाट आवाजात म्हणाला. "त्याच म्हैन्यात शाळेसाठी मला नवे बूट आनले तिनं. पैसं कुटून आलं? आन मलाच विचारत हुती, कुटं ठेवलास, कुटं ठेवलास. स्वतः घेऊन मला मारत हुती. मार लागल्याचं काय न्हाई रे. पर मी चोर हाय असं तिनं मला म्हणावं, त्ये मला अजून—" तो थांबला. "जाऊ दे. ती गरिबीतनं गेली. मी कदी बोललो न्हाई तिला."

निलेशनं डबा उघडून खोकं दोघांच्या मधे पायरीवर ठेवलं.

प्रितमनं ते पाहिलं. मग निलेशकडं पाहिलं. त्याला सगळं कळायला फार शब्द लागले नाहीत, तरी निलेशनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. सदऱ्याखाली घातल्यापासून, प्रदीपच्या कागदावर पडलेल्या ठिपक्यापर्यंत. किंमतही सांगितली, कारण ती लपवली तर अजून एक खोटं झालं असतं.

प्रितम मारेल असं त्याला वाटलं होतं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. प्रितमनं बूट पायात घातले, नाड्या बांधल्या.

"आईला सांगितलंस?"

"न्हाई. तिच्या म्होरं तोंड उगडलं न्हाई."

"मग चल."

ते गेले तेव्हा शालन दुकान आवरून घरी आली होती आणि अंगणात सुपात लिंबं निवडत होती. न सांगता आलेला मुलगा बघून ती उठायला गेली. प्रितमनं तिला बस म्हणून खूण केली आणि निलेशला म्हणाला, "सांग."

निलेशनं सांगितलं. शालनचा हात लिंबांवर फिरत होता तो हळूहळू थांबला. तिनं निलेशकडं बघितलंच नाही. ती मुलाकडं बघत होती.

"तू न्हाई घेतला?"

"न्हाई."

"मंग मार खाताना बोलला का न्हाईस?"

"बोललो हुतो, आई. किती येळा बोललो. तू आईकत नव्हतीस." प्रितमचा आवाज फाटला. "आन मला वाटलं तूच विकला. माझ्या बुटासाटी."

"बूट?" शालन म्हणाली. "बूट व्हय. कानातलं मोडलंवतं. तुला मारलं म्हणून आनलं बूट."

शालननं सूप बाजूला ठेवलं, पदरानं हात पुसले आणि पुसतच राहिली. प्रितम तिच्या पायापाशी जमिनीवर बसला. आपण इथं असायला नको हे निलेशला कळत होतं, पण परवानगी मिळाल्याशिवाय निघणंही बरोबर वाटत नव्हतं.

"मावशी," तो म्हणाला, "ह्याचं पंच्याऐंशी हजार येत्यात. नव्वद बी येतील. मी विकतो आन सगळं तुमाला—"

"किती?" शालननं आता पहिल्यांदा त्याच्याकडं पाहिलं. "पंच्याऐंशी?"

"व्हय."

"मी बंगल्यावर बाराशे रुपयं म्हैन्यावर हुते." तिनं सूप पुन्हा पुढं ओढलं. "मला न्हाई लागत त्ये. ज्याचं हाय त्याला दे. आन तुझ्या बापाला सांग. त्यानं मला येशीपाशी थांबवलंवतं. चार माणसं हुती. म्हनला, शालन, गावाचं नाव घालवलंस. मी खाली मान घालून आईकून घेतलं. त्याला सांग, शालननं न्हाई घेतला, प्रितमनं न्हाई घेतला. बाकी मला तुझ्याशी काय बोलायचं न्हाई. जा आता."

निवृत्ती आबा आता सत्तरीचे होते. निलेशनं त्यांना त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, पण बंद केला नाही.

"बारा वर्षाचं पोर हुतास तू," ते म्हणाले. "आता कशाला उकरतोस?"

"ती म्हणती तुमाला कळायला पायजे."

"कळलं. मी तवा खरं समजूनच बोललो हुतो."

"व्हय आबा. मीच तुमाला अंधारात ठेवलं. पर तुमी एकदा तिच्याकडं जावा."

"त्या चौघातलं दोगं मेलं," आबा म्हणाले. "कुणाला आठवतंय?" आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

कारखानिसांच्या जुन्या माळ्याकडून, गेणूभाऊंकडून, निलेशनं ईशानचा नंबर मिळवला. आजोबा-आजी दोघंही गेले होते. ईशान ठाण्याला होता. निलेशनं नाव सांगितलं, गेम सांगितला, आपण काय केलं ते सांगितलं. पलीकडून हसू आलं.

"अरे, कोयतेवाली! आजी म्हणायची कामवालीनं टाकला. काय यार, लहान होतो आपण. सोडून दे. पाठवतोस ना?"

"पाठवतो. पर तुम्ही शालनमावशींना एक फोन करा. त्यांचं काम गेलं त्यापायी."

"हो हो, नंबर पाठव ना. करतो."

निलेशनं नंबर पाठवला, गेम कापसात गुंडाळून कुरियर केला आणि तो आपला नव्हता, ठाण्याला मालकाकडं परत पाठवला, असं प्रदीपला कळवलं. पंधरा दिवसांनी प्रदीपचा मेसेज आला. गेम त्याला ठाण्याच्या एका माणसाकडून मिळाला होता, एक लाख दहाला. 'तुमच्यामुळे खरा मालक सापडला, आभारी आहे,' असं त्यानं लिहिलं होतं. शालनला फोन आला नव्हता. निलेशनं ईशानला दोनदा आठवण करून दिली, मग त्यानं निलेशचे मेसेज बघणं सोडून दिलं.

आबा जात नाहीत हे दिसल्यावर निलेश एका संध्याकाळी स्वतः देवळापुढच्या पारावर गेला. सात-आठ माणसं होती. त्यांच्यापुढं उभं राहून त्यानं गेमच्या किमतीसकट बंगल्याची गोष्ट सांगितली आणि शालनमावशींवर तेव्हा आळ आला तो खोटा होता, चोर मी होतो, असं स्पष्ट म्हणाला. त्याला वाटलं होतं माणसं गप्प होतील, शिव्या देतील, निदान मान फिरवतील.

"किती म्हनलास?" एकानं विचारलं. "पंच्याऐंशी हजार?"

"आन दिऊन टाकलास?" दुसरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गावभर तेवढंच झालं. निवृत्तीच्या पोराकडं लाखाचा गेम होता आणि येड्यानं तो फुकटात मुंबईवाल्याला दिला. पोरं घरातल्या फुटक्या मोबाइलचे फोटो काढून पवनला पाठवायला लागली. पिठाच्या गिरणीत, सलूनमध्ये, मळवलीच्या फलाटावर निलेशला माणसं थांबवायची आणि खरंच एवढी किंमत होती का म्हणून विचारायची. शालनचं नाव कुणीच काढत नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी तिचं नाव पसरायला एक दिवस पुरला होता. आता ते धुऊन काढायला कुणाला सवडच नव्हती.

मग निलेशनं ठरवूनच टाकलं. कुणी किंमत विचारली की तो आधी म्हणायचा, "शालनमावशीनं घेतला नव्हता. मी घेतला हुता." आणि मगच आकडा सांगायचा. काही जण 'बरं बरं' म्हणायचे. काही चिडायचे. अनिता म्हणाली, लोक तुमाला टाळायला लागलेत. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. पण बरंही वाटलं नाही. शालनच्या दुकानावरून जाताना तो गाडी हळू करायचा, ती मान वर करायची नाही, आणि त्या दिवशी कंपनीत त्याच्या हातून काहीतरी चुकायचंच.

खोल्यांचा स्लॅब टाकला त्या दिवशी गवंड्यानं आबांना विचारलं, "आबा, पोराकडं म्हनं लाखाचा गेम हुता?" निलेश पाण्याचा पाइप धरून वर उभा होता. आबा खुर्चीत बसून होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली.

"किमतीचं मला म्हाईत न्हाई," ते म्हणाले. "शालननं घेतला नव्हता. मी तिला चार माणसांत बोललो हुतो, त्ये चुकीचं बोललो." आणि गवंड्याकडं न बघता म्हणाले, "सिमिट पातळ झालंय तुझं."

निलेश पाइप तसाच टाकून खाली उतरला. त्यानं गाडी काढली आणि थेट लेण्यांच्या पायथ्याशी गेला. शालन बोलली नाही तरी चालेल, तिच्या कानावर हे घालायचंच, असं त्यानं वाटेत मनाशी धरलं होतं.

दुकानावर ताडपत्री ओढून दोरीनं बांधलेली होती. शेजारच्या दुकानातल्या शेंगावालीनं सांगितलं की प्रितम काल रात्री येऊन आईला लोणावळ्याला घेऊन गेला. आठ दिवस तरी यायची न्हाई. बरोबर कपड्यांची पिशवी होती.

"काय निरोप हाय का?" तिनं विचारलं.

निलेशला निरोप असा दुसऱ्याच्या तोंडून धाडायचा नव्हता.

"न्हाई," तो म्हणाला. "त्या आल्या की मी येतो."